रांगेआधीची तपासणी : जलद सीमाप्रवेश योजनांविषयी वाचकांचे प्रश्न

वारंवार परदेशप्रवास करणाऱ्यांना इमिग्रेशनच्या रांगेतून लवकर सोडणाऱ्या योजना आता अनेक देशांत सुरू आहेत, आणि त्यांविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या खासगी तपशिलांमुळे वगळली आहेत. शुल्क आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी संबंधित देशाचे सरकारी संकेतस्थळ एकदा वाचून घ्यावे.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी मला वर्षातून अनेकदा अमेरिकेला जावे लागते. सहकारी सांगतात की ‘ग्लोबल एंट्री’ घेतली की विमानतळावर कोणी काही विचारत नाही आणि व्हिसाची कटकटही मिटते. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : व्हिसाविषयीचे म्हणणे साफ चुकीचे आहे आणि विचारपुशीविषयीचे अर्धेच खरे आहे. ग्लोबल एंट्री ही अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासंरक्षण विभागाची योजना आहे. २००८ साली न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि ह्यूस्टन येथील विमानतळांवर ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, २०१२ मध्ये तिला कायम स्वरूप मिळाले आणि २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही तिच्यासाठी अर्ज करता येतो. तिचे सदस्यत्व हा देशात शिरण्याचा परवाना नव्हे. ज्याला व्हिसा लागतो त्याला तो सदस्य झाल्यावरही लागतोच, त्या व्हिसाच्या अटी तशाच राहतात आणि प्रवेश द्यायचा की नाही याचा अंतिम निर्णय विमानतळावरील अधिकारीच घेतो.

सदस्याला मिळते ती वेगळी रांग. पूर्वी या रांगेतल्या यंत्रावर पासपोर्ट ठेवून, बोटांचे ठसे देऊन, बाहेर आलेली पावती अधिकाऱ्याला दाखवावी लागे. आता अनेक मोठ्या विमानतळांवर कॅमेऱ्यासमोर क्षणभर उभे राहिले की चेहऱ्यावरून ओळख पटते आणि पुढे बसलेला अधिकारी तुमचे नाव पडद्यावर पाहून जायला सांगतो. क्वचित तो प्रश्न विचारतो, क्वचित सामानाच्या तपासणीकडे पाठवतो. ही निवड कधी कधी कोणत्याही संशयाविना, निव्वळ नमुना म्हणून होते. सदस्याने तिचा राग मानण्याचे कारण नाही.

मग खिडकीवरची विचारपूस गेली कुठे? ती आधीच होऊन गेलेली असते. अर्जात मागच्या पाच वर्षांतील राहण्याचे पत्ते, नोकऱ्या आणि भेट दिलेले देश लिहावे लागतात. १२० डॉलर शुल्क भरावे लागते आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. भारतीय अर्जदाराची पडताळणी भारताच्या बाजूनेही होते आणि त्यासाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून वेगळा अर्ज करून पोलीस पडताळणीतून जावे लागते. हे सारे पार पडले की सशर्त मान्यता येते, त्यानंतर समोरासमोर मुलाखत होते आणि दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. सदस्यत्व पाच वर्षांचे असते, पण या पाच वर्षांत तुमचे नाव गुन्हे आणि सुरक्षाविषयक नोंदींशी दर चोवीस तासांनी ताडून पाहिले जाते. थोडक्यात, तपासणी वगळली जात नाही. ती तुमच्या पाठीमागे रोज चालू राहते, एवढेच.

मुलाखतीविषयी एक उपयोगाची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. नोंदणी केंद्रातील वेळ मिळण्यास पुष्कळ थांबावे लागते. परंतु सशर्त मान्यता हाती असेल, तर या सोयीत सहभागी असलेल्या विमानतळावर उतरल्यावर, नेहमीच्या इमिग्रेशन तपासणीतच, आधी वेळ न घेता मुलाखत पूर्ण करता येते. तेव्हा पुढची फेरी ठरलेली असेल तर अर्ज तिच्या बराच आधी भरून ठेवावा आणि मूळ कागदपत्रे हातसामानात ठेवावीत.

प्रश्न : मुलाखतीनंतर माझा ग्लोबल एंट्रीचा अर्ज नाकारण्यात आला. कारण म्हणून ‘पात्रतेचे निकष पूर्ण होत नाहीत’ एवढेच वाक्य आहे. खूप आठवल्यावर ध्यानात आले की बऱ्याच वर्षांपूर्वी एका वेगळ्याच देशात, सामानातली फळे जाहीर न केल्याबद्दल, मी विमानतळावरच किरकोळ दंड भरला होता. तो काही गुन्हा नव्हता, म्हणून अर्जात लिहिला नाही. आता काय करावे?

उत्तर : नकाराचे कारण तेच असेल असे खात्रीने म्हणता येणार नाही, पण तुमचा तर्क बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. अपात्रतेच्या कारणांमध्ये गुन्ह्यातील शिक्षा, प्रलंबित खटला किंवा वॉरंट यांबरोबरच सीमाशुल्क, इमिग्रेशन आणि कृषी यांविषयीच्या नियमांचा भंगही येतो, आणि तो कोणत्याही देशात झालेला असला तरी मोजला जातो. आपण ज्याला ‘किरकोळ दंड’ म्हणून विसरतो, तो भरवून घेणाऱ्या देशाच्या दफ्तरी नियमभंग म्हणूनच राहतो. ऑस्ट्रेलियासारखे देश फळे, बियाणे, मांस किंवा मातीचे कण चिकटलेली वस्तू जाहीर न करणे हा शेतीला आणि वनसंपत्तीला धोका मानतात आणि जागेवरच दंड ठोठावतात. त्यांच्या लेखी सफरचंदाची किंमत गौण असते, सफरचंदातून येणारी कीड महत्त्वाची असते.

तरीही तुमच्या प्रकरणात अधिक जड पडले असेल ते दंड न सांगणे. या योजनांचा सारा डोलारा अर्जदाराच्या शब्दावर उभा आहे, म्हणून चुकीची किंवा अपुरी माहिती देणे हे अपात्रतेचे स्वतंत्र कारण ठरवलेले आहे. जुना दंड प्रामाणिकपणे लिहिला असता तर अर्ज मंजूरच झाला असता असे नाही, पण निदान अधिकाऱ्याला त्या घटनेचे वय आणि स्वरूप पाहून विचार करता आला असता. लपवलेली गोष्ट मात्र त्याच्याच पडद्यावर उघडी पडली की विचाराला जागा राहत नाही.

आता पुढचे. सरकारी संकेतस्थळावरील ज्या खात्यातून अर्ज केला त्यात लॉग-इन करून नकाराचे पत्र पूर्ण वाचावे. तेथूनच फेरविचाराची विनंती करता येते. ती या योजनांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, म्हणजे ओम्बड्समनकडे जाते. विनंतीत घटना कोठे, केव्हा आणि कशी घडली हे सरळ लिहावे, दंडाची पावती किंवा त्या देशाकडून मिळालेले पत्र जोडावे आणि अर्जात उल्लेख का राहिला ते एका वाक्यात सांगावे. ‘मला इंग्रजी नीट समजले नाही’ यासारखी सबब, ती खरी नसेल तर, टाळावी. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कोणाची नोंद तुमच्या माथी आली असावी असा संशय असेल, तर त्यासाठी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची वेगळी तक्रार-व्यवस्था आहे. पुन्हा नव्याने अर्ज करण्यास मनाई नाही, मात्र शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागेल.

योजनेतील अर्ज नाकारला गेला म्हणजे व्हिसा रद्द झाला असे होत नाही. तुम्ही पूर्वीप्रमाणे साध्या रांगेतून जाऊ शकता. आणि जे वाचक आधीच सदस्य आहेत त्यांनीही हे पत्र मनावर घ्यावे, कारण जलद रांगेतून जाणाऱ्यालाही खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात आणि १०,००० डॉलरांहून अधिक रोकड बरोबर असल्यास तीही सांगावी लागते. एवढी रोकड नेण्यास बंदी नाही. न सांगण्यास आहे. नियमभंगाबाबत अमेरिकेचा सीमाशुल्क व सीमासंरक्षण विभाग सदस्यांना सवलत देत नाही आणि एका पिशवीपायी पाच वर्षांचे सदस्यत्व जाऊ शकते.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात स्थायिक आहे आणि त्याच्याकडे ‘नेक्सस’ कार्ड आहे. आम्ही भेटीला जाऊ तेव्हा तो आम्हाला गाडीने अमेरिकेत फिरायला नेणार आहे. त्याच्या कार्डावर आम्ही सगळे जलद मार्गिकेतून जाऊ शकू का?

उत्तर : नाही. नेक्सस ही अमेरिका आणि कॅनडा यांची संयुक्त योजना २००२ पासून चालू आहे आणि तिच्या रस्त्यावरील मार्गिकेचा नियम एकच आहे : गाडीतील प्रत्येक माणूस सदस्य हवा, कडेवरचे मूलसुद्धा. एकही जण सदस्य नसेल तर गाडी साध्या रांगेत लावावी. चुकून किंवा मुद्दाम जलद मार्गिकेत शिरल्यास सदस्याचे कार्ड धोक्यात येते, म्हणून मुलाला अडचणीत टाकू नये. मेक्सिकोच्या सीमेवरील ‘सेंट्री’ योजनेचेही तेच आहे, आणि तिथे तर गाडीचीही नोंदणी करावी लागते.

नेक्सससाठी अर्ज करण्याचा मार्ग तुमच्यासारख्या पाहुण्यांना खुला नाही. तो दोन्ही देशांच्या नागरिकांना, कायम रहिवाशांना आणि काही अटींवर मेक्सिकोच्या नागरिकांना आहे. अर्जाची छाननी दोन्ही देश आपापल्या परीने करतात आणि दोघांपैकी एकाने नकार दिला तरी कार्ड मिळत नाही.

विमानतळावर हिशेब माणशी असतो. सदस्य आपल्या रांगेने जातो, बरोबरचा बिगरसदस्य दुसऱ्या रांगेने. ग्लोबल एंट्रीत लहान मुलांचेही स्वतंत्र सदस्यत्व लागते. मात्र ऑक्टोबर २०२४ पासून, आई किंवा वडील सदस्य असतील किंवा अर्ज करत असतील, तर अठरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अनेक कुटुंबांत वडील आधी बाहेर पडून सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहतात आणि आई दोन मुलांना घेऊन तासभर रांगेत असते. शुल्क माफ असताना हे चित्र राहू देण्याचे कारण उरलेले नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि तिच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटतच नाहीत. शिवाय ई-गेटवर माझा स्वतःचा पासपोर्टही कधी चालतो, कधी नाही. आम्ही अशा योजनांच्या वाटेला जावे का?

उत्तर : दोन वेगळ्या अडचणी आहेत, म्हणून वेगवेगळे सांगतो.

आधी तुमच्या पासपोर्टचे. फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत ४४ अक्षरे असतात. इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट असेल तर मुखपृष्ठावर मध्यभागी वर्तुळ असलेले आयताकृती चिन्ह असते आणि आत एक चिप असते. गेट आधी त्या दोन ओळी कॅमेऱ्याने वाचते. त्यांतील पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांपासून एक किल्ली तयार करते, आणि त्या किल्लीने चिप उघडते. चिपमधल्या माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल सही आहे का, हे पाहिल्यावर चिपमधला फोटो आणि समोरचा चेहरा यांची तुलना होते. यांपैकी पहिलीच पायरी अडली तर पुढचे काहीच घडत नाही. त्या ओळींवर ओरखडा, तेलाचा डाग किंवा शाईचा ठिपका असेल, पान वाकलेले असेल, किंवा पासपोर्ट प्लॅस्टिकच्या कव्हरासकट ठेवला असेल, तर यंत्र वाचत नाही. कव्हर काढावे, पान काचेवर सपाट दाबून धरावे, हिरवा दिवा लागेपर्यंत उचलू नये. अनेकजण यंत्राने आवाज करताच हात मागे घेतात. चिपचे वाचन तेव्हा पूर्ण झालेले नसते.

चेहऱ्याच्या पायरीवर टोपी, केसांची बट, गडद चष्मा किंवा डोळे खाली करून मोबाइल पाहणे आडवे येते. जमिनीवर पावलांचे चित्र असते तेथेच उभे राहावे, आणि बॅग इतकी जवळ धरावी की आत दुसरा माणूस शिरल्यासारखे गेटला वाटू नये. यानंतरही पासपोर्ट एकाच गेटवर नव्हे तर वेगवेगळ्या देशांत नाकारला जात असेल, तर चिपच बिघडलेली असण्याची शक्यता आहे. चिप बंद पडलेला पासपोर्ट सामान्यतः साध्या खिडकीवर चालतो, पण गेटपुरता तो निरुपयोगी असतो. आपल्या पासपोर्टला चिपच नसेल, तर चिप वाचणाऱ्या गेटशी झगडण्यात वेळ घालवू नये.

आता आईंचे. वय वाढते तशा बोटांवरच्या रेषा झिजतात आणि त्वचा कोरडी पडते. आयुष्यभर हाताने कष्टाची कामे केलेल्यांचे, आणि कर्करोगावरील काही औषधे घेणाऱ्यांचेही ठसे पुसट होतात. यंत्रावर बोट ठेवण्याआधी हाताला थोडा ओलसरपणा आणणे, जोरात न दाबता बोटाचा पूर्ण पेर टेकवणे, आणि अंगठ्याऐवजी दुसरे बोट घेण्याची विनंती करणे, एवढे उपाय करून पाहण्यासारखे आहेत. ज्या योजना चेहऱ्यावर चालतात त्या त्यांना सोयीच्या पडतील. ज्या ठशांवरच उभ्या आहेत, त्यांच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्येष्ठांना चाकांच्या खुर्चीची मदत विमान कंपनीकडून आधी मागून घेतली तर ती मदत अनेक विमानतळांवर कोणत्याही कार्डापेक्षा लवकर पार नेते.

गेट उघडले नाही म्हणून घाबरू नये. यंत्राने न ओळखणे आणि देशाने प्रवेश नाकारणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बाजूच्या खिडकीवर माणूस बसलेला असतो तो याच कारणासाठी.

प्रश्न : सगळीकडे आता सर्वांसाठीच ई-गेट होत असताना पैसे भरून सदस्यत्व घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : या पत्रांतला मला सर्वांत आवडलेला प्रश्न. उत्तर तुमच्या हातात कोणता पासपोर्ट आहे यावर अवलंबून आहे.

अशा योजनांचा इतिहास पाहिला तर बहुतेकींची वाट सारखीच दिसते. अमेरिकेने १९९३ मध्ये ‘इन्सपास’ नावाची योजना काढली, तीत हाताच्या पंजाची ठेवण मोजून ओळख पटवत. ती पुढे बंद पडली. ॲमस्टरडॅमच्या विमानतळाने २००१ पासून ‘प्रिव्हियम’ या सशुल्क योजनेत डोळ्यांच्या बुबुळांवरून प्रवेश देण्यास सुरुवात केली. ब्रिटननेही बुबुळांवर चालणारी योजना काढली होती, पण पासपोर्टच्या चिपवर चालणारी गेटे आल्यावर ती निरर्थक ठरून २०१३ मध्ये बंद झाली. पुढे २०१९ च्या मे महिन्यात ब्रिटनने ती गेटे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर आणि दक्षिण कोरिया या सात देशांच्या नागरिकांनाही खुली केली. सिंगापूरने तर २०२४ पासून चांगी विमानतळावर उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांना, आधी कोठलीही नोंदणी न करता, स्वयंचलित मार्गिका वापरू दिल्या. काल जी सोय मूठभरांना पैसे मोजून मिळत होती ती आज सर्वांना फुकट मिळते, आणि सदस्याला आपल्या कार्डाचे काय करावे ते कळत नाही.

पण ‘सर्वांना’ या शब्दात पाणी मुरते. फुकटची गेटे बहुधा श्रीमंत आणि व्हिसामुक्त देशांच्या पासपोर्टांना आधी उघडतात. अमेरिकेत विनाशुल्क ‘मोबाइल पासपोर्ट कंट्रोल’ ॲप आहे. ते अमेरिकी नागरिक, कायम रहिवासी, काही कॅनडाई पाहुणे आणि व्हिसामाफीवर पुन्हा येणारे प्रवासी वापरू शकतात. व्हिसा घेऊन जाणाऱ्या भारतीय पाहुण्याला ते चालत नाही. म्हणजे ज्याला लांब रांगेत उभे राहावे लागते त्यालाच फुकटची सोय कमी, आणि म्हणून सशुल्क योजनेचा लाभ त्यालाच अधिक. ही विसंगती या योजनांच्या प्रसिद्धिपत्रकांत आढळणार नाही.

युरोपात वारे थोडे उलटे आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी पासपोर्टवरील शिक्क्यांऐवजी संगणकीय प्रवेश-निर्गमन नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. बाहेरच्या प्रवाशाचा चेहरा आणि व्हिसामुक्त प्रवाशाच्या चार बोटांचे ठसे तीत नोंदवले जातात. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. पहिल्या नोंदीला वेळ लागतो, नंतरच्या फेऱ्यांत पडताळणीच करायची असते. वारंवार जाणाऱ्याने तेथे पहिल्या खेपेला पुढच्या विमानासाठी भरपूर अंतर ठेवावे, एवढेच सांगतो.

निर्णय घेताना एक हिशेब करून पाहावा. तुम्ही सामान चेक-इन करत असाल तर इमिग्रेशनमध्ये वाचलेला अर्धा तास सामानाच्या पट्ट्यासमोर उभे राहण्यात जातो. हातसामानावर फिरणारा आणि त्याच देशात वर्षातून तीन-चार वेळा उतरणारा प्रवासीच ग्लोबल एंट्रीचे १२० डॉलर खऱ्या अर्थाने वसूल करतो.

प्रश्न : मी डिजियात्रा वापरतो. भारतातून परदेशी जाताना इमिग्रेशनसाठी तेच चालेल का?

उत्तर : चालणार नाही. डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ पासून सुरू झाली ती देशांतर्गत प्रवाशांना विमानतळाच्या दारापासून विमानापर्यंत चेहऱ्यावरून सोडण्यासाठी. इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही. इमिग्रेशनसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – विश्वासू प्रवासी कार्यक्रम’ ही योजना आहे. ती २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद येथे नेण्यात आली. पहिल्या टप्प्यात ती भारतीय नागरिक आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक यांच्यासाठी आहे, आणि तिला शुल्क नाही.

अर्ज ऑनलाइन करावा लागतो. त्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. मान्यता मिळाल्यावर बोटांचे ठसे आणि चेहरा विदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयात किंवा प्रवासाच्या वेळी विमानतळावर द्यावा लागतो. त्यानंतर ई-गेटवर आधी बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन करायचा, मग ओळख पटली की गेट उघडते आणि तेच इमिग्रेशन झाल्याचे मानले जाते. नोंदणी पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालते. परतताना कस्टम्सची लाल-हिरवी वाट मात्र सर्वांना सारखीच आहे.

प्रश्न : ॲपेक कार्डावर व्हिसाशिवाय अनेक देशांत जाता येते असे ऐकले. भारतीय व्यावसायिकाला ते मिळेल का?

उत्तर : नाही, कारण भारत ॲपेकचा, म्हणजे आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य गटाचा, सदस्य नाही. तुम्ही ऐकले ते सदस्य देशांच्या व्यावसायिकांपुरते बरोबर आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स यांनी सुरू केलेल्या या योजनेत प्रत्येक सहभागी देश अर्जदाराला आधीच तपासून मान्यता देतो, त्यामुळे अल्पकाळच्या व्यावसायिक फेरीपुरता वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिका आणि कॅनडा मात्र या कार्डावर फक्त जलद रांग देतात, व्हिसात सूट देत नाहीत. कोणी एजंट भारतीय पासपोर्टवर हे कार्ड काढून देतो म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत.

प्रश्न : ठसे, चेहरा, पाच वर्षांचे पत्ते हे सर्व परक्या सरकारला देणे मला खटकते. ही माहिती किती काळ राहते? सदस्यत्व सोडल्यास ती पुसली जाते का?

उत्तर : खटकणे योग्यच आहे, पण ते नेमके कोठे खटकायला हवे ते पाहू. अमेरिकेला व्हिसावर जाणाऱ्याने बोटांचे ठसे व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच दिलेले असतात. सीमेवर घेतलेली परदेशी नागरिकांची छायाचित्रे तेथील यंत्रणेत ७५ वर्षांपर्यंत ठेवली जातात, सदस्य असो वा नसो; अमेरिकी नागरिकांची छायाचित्रे मात्र बारा तासांच्या आत काढून टाकली जातात. युरोपच्या नव्या नोंदीत माहिती शेवटच्या निर्गमनानंतर तीन वर्षे राहते, आणि प्रवासी बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच वर्षे.

म्हणजे चेहरा आणि ठसे यांबाबत तुमच्यापुढे फारसा पर्याय नाही. देशात जायचे असेल तर ते द्यावेच लागतात. जलद योजनेत तुम्ही स्वखुशीने जास्तीचे देता ते पत्ते, नोकऱ्या, प्रवासाची जंत्री आणि रोजच्या छाननीला दिलेली संमती. सदस्यत्व सोडता येते, परंतु त्याने आधी दिलेली माहिती मागे घेतली जाते असे समजू नये. वर्षातून एखादीच फेरी करणाऱ्याने एवढ्यासाठी ही किंमत मोजू नये, असे मला वाटते. ज्याचे पोटच प्रवासावर आहे, त्याने ती जाणूनबुजून मोजावी.

प्रश्न : लग्नानंतर नाव बदलून मी नवीन पासपोर्ट घेतला. जुन्या पासपोर्टवरील ग्लोबल एंट्री आपोआप नव्यावर येईल का? एका संकेतस्थळावर हे काम करून देण्याचे वेगळे शुल्क मागितले आहे.

उत्तर : आपोआप काहीच येत नाही. फक्त पासपोर्टचा क्रमांक बदलला असेल तर आपल्या खात्यात तो स्वतः अद्ययावत करता येतो. नाव बदलले असल्यास नोंदणी केंद्रात नवा पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला घेऊन प्रत्यक्ष जावे लागते. तोवर जुन्या नावाची नोंद नव्या पासपोर्टशी जुळणार नाही आणि यंत्र तुम्हाला साध्या रांगेकडे पाठवील.

ते संकेतस्थळ बंद करावे. सरकारी संकेतस्थळांसारखी दिसणारी खासगी पाने तोच अर्ज भरण्याचे जादा पैसे घेतात, आणि वर तुमची सगळी माहिती त्यांच्या हाती जाते. अमेरिकी सरकारचा पत्ता ‘डॉट गव्ह’ने संपतो, भारत सरकारचा ‘डॉट गव्ह डॉट इन’ने, पैसे भरण्याआधी एवढे पाहावे.

तिकिटाचेही विसरू नये. सदस्यत्वाचा नऊ अंकी क्रमांक विमानाच्या आरक्षणात ‘ज्ञात प्रवासी क्रमांक’ या रकान्यात लिहिला तरच अमेरिकेतील सुरक्षातपासणीच्या जलद रांगेचा लाभ बोर्डिंग पासवर छापून येतो, आणि आरक्षणातील नाव व जन्मतारीख सदस्यत्वाशी अक्षरशः जुळावी लागते. विमान कंपनीच्या खात्यात जुने नाव साठवलेले असेल तर पुढचे आरक्षण करण्याआधी तेही बदलून घ्यावे.